दोन्ही बाटल्यांवर साल १९९४, चवी मात्र दोन: जुनी पोर्ट आणि मदेरा समजून घेताना

गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरून गोव्याला जाऊन आलेल्या कोल्हापूरकराला 'पोर्ट वाइन' हे नाव नवं नाही. गडद लाल, गोडमिट्ट आणि खिशाला परवडणारी. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी वाइन म्हणून पहिल्यांदा तोंडाला लावली ती हीच. म्हणून चाळीस-पन्नास वर्षं जुन्या पोर्टच्या बाटलीला लोक भरमसाट पैसे मोजतात असं वाचलं, की मनात पहिला प्रश्न येतो: त्या गोड पाण्यात एवढं आहे तरी काय?

परदेशी वाइनवरच्या आयात शुल्काच्या बातम्या आल्या की हा प्रश्न पुन्हा निघतो. आपल्याकडे हे शुल्क १५० टक्के लागत आलं आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि तिथल्या किमती बाटल्यांवरचं शुल्क उतरलं. युरोपीय संघाशी थांबलेली बोलणीही त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली. या बातम्यांबरोबर 'व्हिंटेज', 'टॉनी', 'फोर्टिफाइड' असे शब्द येतात आणि तसेच डोक्यावरून जातात.

माझ्यासाठी ते जमिनीवर आले जानेवारीतल्या एका संध्याकाळी, राजारामपुरीतल्या एका गच्चीवर. मित्राचा थोरला भाऊ पोर्तुगालात नोकरीला असतो, तो सुट्टीवर आला होता. विमानाने येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. त्याने ते माप काठोकाठ भरलं होतं: पाऊण लिटरच्या दोन पोर्ट आणि अर्ध्या लिटरची एक मदेरा. दोन्ही पोर्टच्या लेबलांवर एकच साल होतं, १९९४. ओतल्यावर मात्र एक निघाली डाळिंबाच्या रसासारखी आणि दुसरी कोऱ्या चहासारखी. सोबत मित्राचे मामा होते. त्यांनी उभं आयुष्य करवीर तालुक्यात गुऱ्हाळ चालवलं आहे. त्यांनी दोन्ही ग्लास दिव्याकडे धरले आणि विचारलं, "एकाच सालची म्हणतोस, मग रंग असा येगळा का रं?"

जुन्या वाइनबद्दल समजून घेण्यासारखं जे आहे, ते बहुतेक सगळं मामांच्या या प्रश्नातच आहे.

व्हिंटेज म्हणजे जुनी नव्हे

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक गाडी येते, तिला आपण 'व्हिंटेज कार' म्हणतो. त्यामुळे व्हिंटेज म्हणजे जुनं, हे डोक्यात पक्कं बसलं आहे. वाइनच्या जगात या शब्दाचा अर्थ साधा आहे: द्राक्षं ज्या वर्षी तोडली ते वर्ष. परवाच्या तोडणीची वाइनही व्हिंटेज असू शकते. शंभर वर्षांची पण अनेक सालांचं मिश्रण असलेली वाइन व्हिंटेज नसते.

पोर्टमध्ये या शब्दाला आणखी वजन आहे. ज्या वर्षी द्राक्ष अव्वल उतरतं त्याच वर्षी उत्पादक 'व्हिंटेज' जाहीर करतात. साधारण दहा वर्षांत तीनदा असा योग येतो. १९६३, १९७७, १९९४, २०११ ही त्यातली नावाजलेली सालं. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं जाहीर झाली, तेव्हा त्याचीच मोठी चर्चा झाली होती.

आणि खरी पोर्ट येते ती फक्त उत्तर पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातून. १७५६ साली मार्केश द पोंबाल या मंत्र्याने या प्रदेशाची हद्द ठरवली आणि पुढच्या काही वर्षांत तिथे ३३५ दगडी खांब रोवले गेले. दुसरीकडचा गूळ 'कोल्हापुरी' म्हणून विकला की आपल्याला राग येतो, आपल्या गुळाला त्यासाठीच भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं. पोर्तुगालच्या शेतकऱ्याचीही भावना तीच आहे. गोव्यातली पोर्ट ही गोड वाइन म्हणून ज्याला आवडते त्याने जरूर प्यावी, पण दोरूच्या पोर्टशी तिचं नातं नावापुरतंच.

गुऱ्हाळातून सुरुवात करू

फोर्टिफाइड वाइन म्हणजे वरून ब्रँडी घालून 'मजबूत' केलेली वाइन. हे ऐकून मामा म्हणाले, "म्हंजे भेसळच की!" ही शंका बहुतेकांना येते. पण ब्रँडी का घालतात हे पाहिलं की ती फिटते.

उसाचा रस काढून तसाच ठेवला तर तासाभरात आंबायला लागतो. गुऱ्हाळात तो काहिलीत उकळतात, मळी काढतात आणि गुळव्या डोळ्यांत तेल घालून बसतो. जरा आधी उतरवलं तर काकवी, नेमक्या वेळी उतरवलं तर गूळ, चुकलं तर करपलेला माल. गुळव्याची सगळी विद्या 'कुठे थांबवायचं' यात आहे.

द्राक्षाच्या रसात यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. साखर संपेपर्यंत खाऊ दिलं तर साधी कोरडी वाइन होते, १२ ते १४ टक्के अल्कोहोलची. पोर्ट करणारा दोन-तीन दिवसांतच, निम्मी साखर शिल्लक असताना, त्यात ७७ टक्के अल्कोहोलची बिनरंगी ब्रँडी ओततो. तीही द्राक्षाचीच. पारंपरिक माप असं: ४३५ लिटर आंबता रस, ११५ लिटर ब्रँडी, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं, खाणं थांबतं आणि फळाची साखर वाइनमध्ये तशीच राहते. हाती येते ती सुमारे २० टक्क्यांची गोड वाइन. लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर.

म्हणजे ही ब्रँडी गुळव्याच्या 'उतरवा!' या हाकेसारखी आहे. मामांना हे लगेच पटलं, आणि त्यांनी विचारलेला पुढचा प्रश्न फार नेमका होता: रस दोन-तीन दिवसच आंबवायचा तर सालीतला रंग उतरतो कधी? त्यासाठीच दोरूमध्ये ग्रॅनाइटच्या उथळ हौदात माणसं ओळीने उभी राहून तासन्‌तास द्राक्षं पायांनी तुडवतात. आज यंत्रं आली, तरी उत्तम व्हिंटेजसाठी काही ठिकाणी अजून पायच वापरतात.

स्पेनची शेरी याच्या उलट जाते. ती आधी पूर्ण आंबवतात आणि मग ब्रँडी घालतात, म्हणून ती मुळात कोरडी असते. पण तो वेगळा विषय आहे.

लाकूड आणि काच

आता मामांचा रंगाचा प्रश्न. मराठीत यासाठी एक सुरेख शब्द आहे: मुरणं. पण मुरण्याचेही दोन प्रकार असतात, हे आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. लोणचं बरणीत दाबून बसवतात, वर तेलाचा थर देतात. हवा बंद. फोडी आतल्या आत मऊ होतात, मसाल्याचा कच्चेपणा जातो, तिखट-मीठ-आंबट एकमेकांत शिरतं. चिंचेचं मात्र उलट. नवी चिंच तांबूस असते, आणि वर्षभर हवा लागत राहिली की काळीभोर होते. तिची चव खोल जाते. जुन्या चिंचेचं सार ज्याने खाल्लं आहे त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

व्हिंटेज पोर्ट म्हणजे बरणीतलं लोणचं. तोडणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती बाटलीत भरतात, गाळत नाहीत, आणि बूच लावून आडवी ठेवतात. पुढची वीस, तीस, पन्नास वर्षं ती काचेत, जवळपास हवेशिवाय मुरते. तरुणपणी ती जवळजवळ काळी आणि जांभळासारखी तुरट असते. या तुरटपणाला वाइनवाले 'टॅनिन' म्हणतात. वर्षांमागून वर्षं टॅनिन आणि रंगाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून जुनी व्हिंटेज पोर्ट रंगाने फिकी, जिभेवर मऊ आणि तळाशी जाड गाळ असलेली असते. तरीही फळ आत जिवंत असतं. आमच्या १९९४ मध्ये मला सुकं आलुबुखार लागलं, थोडी तंबाखूच्या पानाची ऊब लागली, आणि मागाहून वाळलेल्या गुलाबाचा वास आला.

दुसरी बाटली होती 'कोलेइता'. तीही एकाच सालची, पण लाकडी पिंपात मुरवलेली. कायद्याने किमान सात वर्षं, प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून कितीतरी जास्त. पिंपाच्या फळ्यांतून हवा हळूहळू आत जाते. लाल रंग विटतो, तपकिरी होतो. (अशा पिंपात पिकलेल्या तपकिरी पोर्टला 'टॉनी' म्हणतात. कोलेइता ही एका सालची टॉनी.) शिवाय पाणी आणि अल्कोहोल थोडं थोडं उडून जातं. या घटीला ते लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. समजा दरवर्षी दोन टक्के उडाली, तर चाळीस वर्षांनी पिंपात निम्म्याहून कमी उरेल. उरते ती आटलेली. साखर दाट, आंबटपणा दाट, आणि वास अक्रोडाचा, सुक्या अंजिराचा, संत्र्याच्या सालीचा.

मामांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाले, "काहिलीच्या काठाला लागल्याल्या काकवीगत हाय." वाइनवाले याच चवीला 'कॅरमेल' म्हणतात. मला मामांचं वर्णन जास्त नेमकं वाटतं, कारण त्यात गोडीबरोबर जरासा करपटपणाही येतो, आणि तो ग्लासात खरोखर होता.

म्हणून अशा दोन वाइन शेजारी ठेवून 'चांगली कोणती' असं विचारणं म्हणजे लोणचं आणि चिंच यांच्यात नंबर लावणं. विचारायचं असतं ते असं: कशात मुरली, किती काळ मुरली, आणि त्या मुरण्यात फळ अजून ऐकू येतं का?

मदेरा: ऊन खाल्लेली वाइन

तिसरी बाटली अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटाची. जुन्या काळी तिथून पूर्वेकडे निघालेली जहाजं पिंपं भरून घेत. समुद्रात वाइन टिकावी म्हणून ब्रँडी घालत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटातली पिंपं आठवड्यांमागून आठवडे तापत. न विकलेली पिंपं परत आली, तेव्हा लोकांना कळलं की वाइन बिघडली नाही, सुधारली आहे! अशा फिरून आलेल्या वाइनला नावच पडलं 'व्हिन्यू द रोदा', फेरीची वाइन. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातले इंग्रज हीच मदेरा पीत.

आज जहाजाची फेरी लागत नाही. साधी मदेरा टाक्यांत किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर तापवतात. उत्तम मदेराची पिंपं माळ्यावर ठेवतात आणि छपराच्या उष्णतेत वर्षानुवर्षं सोडून देतात. एका सालची, पिंपात किमान वीस वर्षं काढलेली असेल तर ती 'फ्रास्केइरा'. उष्णता आणि हवा हे वाइनचे दोन मोठे शत्रू. मदेराने दोन्ही आधीच पचवलेले असतात, म्हणून ती जवळपास मरत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बाटल्या आजही आनंदाने प्यायल्या जातात.

तिचा प्राण आहे आंबटपणा. सेर्सियाल द्राक्षाची सगळ्यात कोरडी, मग व्हेर्देल्यू, मग बोआल, आणि माल्व्हासियाची सगळ्यात गोड. पण गोड मदेराही तोंडात चिकटून राहत नाही, आंबटपणा ती धुऊन नेतो. आमची व्हेर्देल्यू होती, तीही साधी दहा वर्षांची, आणि खरं सांगतो, त्या रात्री सगळ्यात आधी तीच संपली.

'तीस वर्सांत व्हिनेगार कसं झालं न्हाई?'

हाही मामांचाच प्रश्न. दारूचं व्हिनेगर करणारे जिवाणू वेगळे असतात. त्यांना भरपूर हवा लागते आणि २० टक्के अल्कोहोल त्यांना झेपत नाही. बाटलीत हवा नाही, आणि पिंपात हवा असली तरी अल्कोहोल पहाऱ्याला आहे. म्हणून साधी वाइन जिथे आंबून जाते तिथे ही तग धरते.

याचा अर्थ प्रत्येक जुनी बाटली चांगलीच निघेल असा मात्र नाही. बूच झिरपलं असेल, बाटली कुठेतरी उन्हात पडली असेल, तर तीस वर्षं म्हणजे तीस वर्षांचं नुकसान. उघडण्याआधी उजेडात धरून पातळी पाहावी. मानेच्या खूप खाली गेली असेल तर हवा शिरली आहे. वासात पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबटपणा असेल तर दोष बुचाचा. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा झणका फार असेल तर वाइन कलली आहे. एकाच पेटीतल्या दोन जुन्या बाटल्याही सारख्या निघत नाहीत. म्हणून 'अमुक साल वाईट' असा निकाल एका बाटलीवरून देऊ नये.

समोरासमोर ठेवून चाखायच्या तर

व्हिंटेज पोर्टची बाटली आदल्या दिवशीच उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बूच सावकाश काढावं, जुनं बूच भुगा होतं. (फार जुन्या बाटल्यांसाठी पोर्तुगालात लालबुंद तापवलेला चिमटा मानेला लावतात आणि लगेच गार ओलं फडकं. काच तिथेच स्वच्छ तुटते. घरी याचे प्रयोग नकोत.) मग मानेखाली बॅटरीचा उजेड धरून एका संथ धारेत दुसऱ्या भांड्यात ओतावं. गाळ मानेशी आला की थांबावं, उरलेलं वस्त्रगाळ करावं. कोलेइता आणि मदेराला याची गरज नाही, त्यांचा गाळ पिंपातच राहिलेला असतो.

'रूम टेंपरेचरला प्या' हा सल्ला युरोपातल्या गार दगडी घरांचा आहे. व्हिंटेज पोर्टला १६ ते १८ अंश, टॉनीला त्याहूनही थोडं कमी. कोल्हापुरात जानेवारीची रात्र सोडली तर फ्रिजला पर्याय नाही.

घोट छोटे घ्यावेत. माणशी ३०-४० मिली पुरे. ही वीस टक्क्यांची दारू आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की दारूचं निर्धोक असं प्रमाण नाही. तौलनिक चाखणीत जाणकार घोट थुंकतात, त्यात अपमान कुणाचाच नाही. सगळे ग्लास एकदम भरून ठेवावेत आणि कोरड्याकडून गोडाकडे जावं. मग पुन्हा मागे यावं. पहिल्या ग्लासाकडे परतल्यावर तो बदललेला वाटतो, खरी तुलना तिथून सुरू होते.

आमची एक चूक इथे सांगतो, कारण कोल्हापुरात ती होणारच. मध्ये भडंगाची परात ठेवली होती. दोन मुठी भडंग खाऊन घेतलेला पोर्टचा घोट घशात आग लावून गेला. त्याचं कारण शरीरातच आहे: मिरचीतला तिखटपणा आणि अल्कोहोल हे जिभेवरच्या एकाच 'जळजळ' सांगणाऱ्या ग्राहीला चेतवतात. मिरचीने ती जागी झाली की वीस टक्क्यांचं अल्कोहोल चाळीसचं वाटतं. तांबडा रस्सा, मिसळ, भडंग, सगळं नंतर. चाखताना भाकरीचा कोरडा तुकडा आणि पाणी, बस.

'खरंच फरक कळतो, की लेबल वाचून कळतो?'

ही शंका मी हसण्यावारी नेणार नाही. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगात रंगवून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. म्हणजे डोळा नाकाच्या पुढे धावतो. यावरून 'सगळं थोतांड' असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. चव खोटी नसते, ती फसवता येते. म्हणून बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळावं, क-ख-ग लिहावं, आणि बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं मत कागदावर उतरवावं. मैफिलीतला पहिला माणूस 'अंजीर' म्हणाला की सगळ्यांना अंजीरच लागतं. आम्ही दुसऱ्या फेरीत हे केलं. दोन पोर्टमधला फरक पाचही जणांच्या कागदावर आला, डोळे मिटून वास घेणाऱ्यांच्याही. शब्द मात्र पाच जणांचे पाच.

लेबलवरचा आकडा काय सांगतो

'१०', '२०', '३०', '४०' असे आकडे असलेल्या टॉनी वेगळ्या. त्यात अनेक सालांचं मिश्रण असतं, आणि २० म्हणजे वीस वर्षांच्या वाइनला शोभेल अशी चव, असं तिथल्या नियामक संस्थेच्या चाखणाऱ्यांनी मान्य केलेलं असतं. तो जन्मदाखला नव्हे. कोलेइतावर मात्र साल पक्कं असतं, आणि शेजारी बाटलीत भरल्याचं वर्षही असतं. ते नक्की वाचावं. १९९४ ची कोलेइता २००५ साली बाटलीत भरली असेल तर ती पिंपात अकरा वर्षं होती, २०२२ साली भरली असेल तर अठ्ठावीस. साल तेच, वाइन वेगळी. बाटलीत गेल्यावर ती फारशी पुढे सरकत नाही.

साधी 'रूबी' पोर्ट, म्हणजे फार न मुरवता विकायला काढलेली लाल पोर्ट, कपाटात दहा वर्षं ठेवून मौल्यवान होत नाही, नुसती थकते. लग्नात भेट मिळालेली बाटली 'पोराच्या लग्नात उघडू' म्हणून जपणाऱ्यांना माझं आग्रहाने सांगणं आहे: आधी लेबल वाचा. व्हिंटेज नसेल तर या वर्षीच उघडा.

आपल्या घरात ठेवायची कोणती?

व्हिंटेज पोर्टला अंधार आणि बारमाही १२ ते १५ अंशांचा गारवा लागतो. जुन्या वाड्याचं तळघर ज्यांच्याकडे शाबूत आहे त्यांनी प्रयत्न करावा. बाकीच्यांच्या कपाटात एप्रिल-मे तिला मारून टाकतील. आणि एकदा उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते, कारण हवेची तिला सवयच नसते. टॉनी फ्रिजमध्ये काही आठवडे राहते. मदेरा उघडल्यावरही महिनोन्‌महिने तशीच असते. तिची बाटली मात्र उभी ठेवायची, तिचा आंबटपणा बूच खातो. आपल्या हवेत एकच बाटली घ्यायची असेल तर मी मदेरा घेईन. (गोव्यातून काहीही आणताना परवान्याची चौकशी आधी करा, राज्याची हद्द ओलांडून दारू आणायला आपल्याकडे परवानगी लागते.)

त्या रात्री व्हिंटेज पोर्ट चार बोटं उरली होती. दुसऱ्या संध्याकाळी चाखली तर गुलाब गेला होता, आलुबुखार राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तेही गेलं. कोलेइताचा तळ मित्राने फ्रिजमध्ये ठेवला होता. तीन आठवड्यांनी मामा बाजार समितीत गुळाच्या सौद्याला आले आणि वाटेत राजारामपुरीत थांबले. मित्राने तळातला घोट त्यांना दिला. मामांनी आधी वास घेतला, मग जिभेवर फिरवली आणि म्हणाले, "काहील अजून गरमच हाय की रं."